अ‍ॅप शिकायचंय? मग मेसवाल्या काकूंच्या खाडा-वहीपासून सुरू करा

दर आठ-पंधरा दिवसांनी कोणीतरी विचारतंच, बहुतेक वेळा तर्री-पोह्याच्या ठेल्यावर, की भाऊ मोबाइल अ‍ॅप बनवायला शिकायचंय, कोणता कोर्स लावू? मी उलटं विचारतो, बनवायचं कोणासाठी आहे? तर समोरचा पोह्यात चमचा फिरवत बसतो. "शिकायचं आहे ना बस" म्हणतो. इथंच गाडी अडते बघा, कारण कोणासाठी ते ठरलं नसेल तर काय बनवायचं ते ठरत नाही, आणि मग माणूस व्हिडिओ बघत बसतो, एक संपला की दुसरा.

मी काही इंजिनियर नाही. बीकॉम केलं, नागपुरात इतवारीत एका दुकानात हिशोब लिहायचो. बर्डीवरच्या एका क्लासात पैसे भरून तीन महिने काढले, तिथं सर प्रोजेक्टरवर कोड दाखवायचे, आम्ही बघून बघून तोच टाईप करायचो, तो चालायचा, सगळे खूश, आणि घरी येऊन कोरी फाइल उघडली की पहिली ओळ सुचायची नाही. खरं शिकलो ते हिंगणा रोडच्या एका मेसवाल्या काकूंमुळे. म्हणून इथं तोच रस्ता सांगतो, जसा मी चाललो तसा, खड्ड्यांसकट. तुमच्या घराजवळ मेस नसेल तर किराणावाला पाहा, आटाचक्कीवाला पाहा, पाण्याच्या कॅन टाकणारा पाहा, ज्याच्याकडे रोज लिहायची एक वही आहे असा कोणीही चालेल.

लॅपटॉप उघडायच्या आधी

काकूंकडे कॉलेजची चाळीस-एक पोरं जेवतात. महिन्याचे ३००० रुपये, दोन वेळचं जेवण, आदल्या रात्री सांगितलं तरच खाडा धरणार आणि एका खाड्याचे ५० कापणार. खाडा म्हणजे काय ते मेसमध्ये राहिलेल्याला सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो, ज्या वेळेला जेवला नाही ती वेळ.

मी घरी बसून मनानंच ठरवलं होतं की हजेरीचं अ‍ॅप करू, चाळीस नावं, प्रत्येकासमोर सकाळ-संध्याकाळचा टिकमार्क. नशीब की आधी एक संध्याकाळ काकूंच्या ओट्यापाशी जाऊन बसलो. बघतो तर काकू हजेरी लिहीतच नाहीत. जो आला नाही त्याचंच नाव लिहितात, दिवसाला तीन नाहीतर चार नावं. माझ्या अ‍ॅपमध्ये त्यांना रोज ऐंशी वेळा बोट टेकवायला लागलं असतं आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला पोळीच्या लाटण्यानं... असो. तर पहिलं काम हे, त्या माणसाजवळ जाऊन बसा, तो काय लिहितो, कोणत्या क्रमानं लिहितो, कुठं थांबून विचार करतो ते बघा. त्याला "तुम्हाला अ‍ॅपमध्ये काय काय हवं" असं विचारू नका, तो बिचारा सगळंच सांगेल.

मग वहीचं एक पान घ्या आणि त्याच्यावर मोबाइलच्या आकाराचे तीन चौकोन काढा. एकात पोरांची यादी, दुसऱ्यात "आजचे खाडे", तिसऱ्यात महिन्याचा हिशोब. बस. लॉगिन नको, नोटिफिकेशन नको, डार्क मोड तर मुळीच नको. चौथा चौकोन काढायची इच्छा होईल, दाबून टाका.

कशात बनवायचं हे एका दिवसात उरकून टाका

फ्लटर की कॉटलिन की रिॲक्ट नेटिव्ह (तिन्ही मोबाइल अ‍ॅप लिहायचीच साधनं), या वादात लोकांचे महिने गेलेले मी पाहिलेत. कॉटलिनला गुगलनं २०१७ मध्ये अँड्रॉइडसाठी अधिकृत केलं, निव्वळ अँड्रॉइडचीच नोकरी डोक्यात असेल तर ते घ्या. जावास्क्रिप्ट आधीच येत असेल तर रिॲक्ट नेटिव्ह, ते फेसबुकनं २०१५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. काहीच येत नसेल तर माझं मत फ्लटर, ते गुगलचंच, पहिली पक्की आवृत्ती डिसेंबर २०१८ ची, भाषा डार्ट. कारण एकच, कोड बदलला की फोनवर एक-दोन सेकंदात दिसतो आणि शिकणाऱ्याला ते फार लागतं, नाहीतर मधल्या वेळेत हात व्हॉट्सअ‍ॅपकडे जातो. पुढचं सगळं मी फ्लटर धरूनच लिहितोय, पण वहीवाल्या माणसाची गोष्ट कशातही बनवलं तरी तीच राहते.

आयफोनचं म्हणाल तर त्यासाठी मॅकच लागतो, त्याचं बनवायचं सॉफ्टवेअर एक्सकोड दुसऱ्या कशावर चालत नाही, म्हणून सध्या विसरा. काकूंकडे अँड्रॉइडच आहे.

पहिले दहा दिवस काहीच इन्स्टॉल करू नका

हे ऐकून लोक नाराज होतात पण ऐका. ब्राउझरमध्ये डार्टपॅड नावाची जागा आहे, तिथं डार्ट लिहायचं आणि तिथंच चालवायचं, फुकट, इन्स्टॉल काही नाही. रोज एक तास. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पार जातो तेव्हा दुपारी लॅपटॉप मांडीवर घ्यायची सोय नसते, मी पहाटे साडेपाचला बसायचो, कूलरचं पाणी भरून झालं की.

या दहा दिवसांत काकूंचाच हिशोब करा, पण नुसत्या आकड्यांचा, बटणं-बिटणं काही नाही. पाच पोरांची नावं एका लिस्टमध्ये, प्रत्येकाचे खाडे एका मॅपमध्ये (नावासमोर आकडा अशा जोड्या), आणि एक फंक्शन जे बिल काढून देतं. व्हेरिएबल, लिस्ट, मॅप, इफ, फॉर लूप, फंक्शन, एवढ्या सहा गोष्टी या एका हिशोबात येऊन जातात, वेगळा धडा घ्यायची गरज नाही.

मी इथंच पहिल्यांदा आपटलो. मला वाटलं खाड्याचा दर आपण काढू, ३००० भागिले ६० वेळा, आला ५०. डार्टनं ५० दिलं खरं, पण दशांशाच्या प्रकारातलं, आणि इंटमध्ये (पूर्ण आकड्यांच्या प्रकारात) ठेवायला गेलो तर लाल रेघ. डार्टमध्ये साध्या तिरप्या रेघेनं भागलं की उत्तर नेहमी दशांशातच येतं, पूर्ण आकडा हवा असेल तर तिरप्या रेघेच्या आधी टिल्डाचं चिन्ह लावायचं, ते कीबोर्डवर डाव्या कोपऱ्यात असतं. हे समजल्यावर मी फुशारून गेलो आणि ३१ च्या महिन्याचाही हिशोब करून पाहिला, ३००० भागिले ६२, अठ्ठेचाळीस रुपये एकोणचाळीस पैसे. काकूंना जाऊन सांगितलं तर त्या म्हणाल्या, "काहून रे बाबू, एकतीसचा असो का अठ्ठावीसचा, मी पन्नासच कापते. तुले भागाकार करायले कोणं सांगतलं?" झालं. पूर्ण भागाकार खोडला आणि दर म्हणून एक ५० चा आकडा ठेवला. व्यवहारातला नियम गणितातून काढायचा नसतो, विचारायचा असतो, हे मला दुकानात चार वर्षं हिशोब लिहून कळायला पाहिजे होतं खरं तर.

अजून एक सवय याच दिवसांत लावून घ्या. कोड चालला की तो मुद्दाम मोडा. एक कंस काढून टाका, नाव चुकीचं लिहा, लिस्टमध्ये पाच पोरं असताना सहावा मागा. येणारी लाल अक्षरं वाचा. पुढे ही अक्षरं रोज भेटणार आहेत, ओळख आधीच झालेली बरी. कॉपी-पेस्ट करू नका, हातानं टाईप करा. एआयला विचारलं तर हरकत नाही, मीही विचारतो, पण त्यानं दिलेली ओळ न बघता परत लिहिता येत नसेल तर ती माझ्या फाइलमध्ये जात नाही, हा माझा नियम.

आता इन्स्टॉल

या कामासाठी एक पूर्ण रविवार द्या आणि इंटरनेट चांगलं असेल तिथं बसा. ८ जीबी रॅम असली तर जमतं, फक्त एमुलेटर (लॅपटॉपच्या स्क्रीनवरचा नकली फोन) चालवू नका, लॅपटॉप रडतो. स्वतःचाच फोन केबलनं जोडा. फोनमध्ये सेटिंगमध्ये "अबाउट फोन"मध्ये जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा बोट मारायचं, मग डेव्हलपर ऑप्शन उघडतात, त्यात यूएसबी डिबगिंग चालू करायचं. शाओमीच्या फोनमध्ये बिल्ड नंबरऐवजी ओएसच्या व्हर्जनवर मारायचं असतं आणि वर "इन्स्टॉल व्हाया यूएसबी" हेही चालू करावं लागतं, यात माझ्या एका मित्राचा अर्धा दिवस गेला. आणि केबल तपासा बाप्पा! स्वस्त केबल नुसतं चार्जिंग करतात, डेटा जातच नाही, लॅपटॉपला फोन दिसतच नाही, आणि आपण ड्रायव्हर शोधत बसतो.

अँड्रॉइड स्टुडिओ टाका, फ्लटर टाका, मग टर्मिनलमध्ये (कमांड टाईप करायची खिडकी) "फ्लटर डॉक्टर" ही कमांड द्या (टाईप अर्थातच इंग्रजीत करायची). हा डॉक्टर खरंच चांगला आहे, काय दुखतंय ते एकेक करून सांगतो. बहुतेकांना "कमांडलाइन टूल्स मिसिंग" येतं, ते अँड्रॉइड स्टुडिओच्या एसडीके मॅनेजरमध्ये एसडीके टूल्सच्या टॅबमध्ये टिक करून मिळतं. मग लायसन्स मान्य करायला सांगतो, वाय-वाय करत सुटा. सगळं हिरवं झालं की "फ्लटर क्रिएट" आणि प्रोजेक्टचं नाव, सगळी छोटी अक्षरं, मध्ये स्पेस नाही, डॅश नाही, अंडरस्कोर चालतो. मग "फ्लटर रन". पहिल्या वेळी ग्रेडल नावाचा, कोडचं अ‍ॅप बांधून देणारा प्राणी इतकं काही डाउनलोड करतो की वाटतं अडकलं. अडकलेलं नसतं. बंद करू नका, चहा पिऊन या.

फोनवर एक बटण आणि एक आकडा दिसेल, दाबलं की आकडा वाढतो. हे फ्लटरचं तयार उदाहरण आहे. लोक हे लगेच पुसून टाकतात, मी म्हणतो दोन दिवस याच्याशीच खेळा. रंग बदला, वजाबाकीचं बटण लावा, शून्याच्या खाली जाऊ देऊ नका. फाइल सेव्ह करून टर्मिनलमध्ये छोटं आर दाबलं की बदल लगेच दिसतो आणि आकडा तसाच राहतो, मोठं आर दाबलं की अ‍ॅप पहिल्यापासून सुरू. हा फरक लक्षात ठेवा, "मी बदललं तरी दिसत का नाही" या अर्ध्या प्रश्नांचं उत्तर मोठ्या आरमध्ये असतं.

पहिला स्क्रीन आणि दोन तासांची माती

पोरांची यादी करायची, लिस्टव्ह्यूमध्ये नावं, प्रत्येकासमोर "खाडा" बटण आणि बाजूला त्याच्या खाड्यांचा आकडा. मी केलं. बटण दाबतो, आकडा हलत नाही. परत दाबतो, नाही. दोन तास कंस मोजले, सेमीकोलन मोजले, शेवटी वैतागून बटणाच्या आत एक प्रिंट (टर्मिनलमध्ये आकडा लिहून दाखवणारी ओळ) टाकला, तर टर्मिनलमध्ये आकडा मस्त वाढून राहिला होता, १, २, ३, ४, आणि फोनवर शून्यच. म्हणजे हिशोब बरोबर होता, फोनला कोणी सांगितलंच नव्हतं की आकडा बदललाय म्हणून. ते सांगायचं काम सेटस्टेटचं. आकडा बदलणारी ओळ सेटस्टेटच्या कंसात टाकली आणि चाललं. कोणत्याही कोर्समध्ये हे पाचव्या मिनिटाला सांगतात, मीही क्लासात ते दहा वेळा टाईप केलं होतं, पण ते कशासाठी असतं ते मला त्या दोन तासांनी शिकवलं.

प्रिंटची सवय ठेवा. दिसतंय ते आणि आहे ते, यात फरक पडला की आधी प्रिंट.

नवीन पोराचं नाव टाकायचा फॉर्म केला की कीबोर्ड वर येईल आणि स्क्रीनच्या खाली पिवळे-काळे पट्टे दिसतील, आपल्याकडे मेट्रोचं काम चालू असताना रस्त्यावर लावायचे तसलेच. घाबरू नका, त्याचा अर्थ एवढाच की मजकुराला जागा पुरली नाही. सरकणाऱ्या विजेटमध्ये (फ्लटरमध्ये स्क्रीनच्या प्रत्येक तुकड्याला विजेट म्हणतात) गुंडाळा, सिंगल चाइल्ड स्क्रोल व्ह्यू नाव आहे त्याचं. कॉलममध्ये लिस्टव्ह्यू टाकली आणि "अनबाउंडेड हाइट" म्हणून ओरडलं तर लिस्टव्ह्यूला एक्सपांडेडमध्ये ठेवा. आणि लाल मजकूर पानभर आला तर वरून खाली वाचत बसायचं नाही, त्यात आपल्या स्वतःच्या फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक शोधायचा, "मेन डॉट डार्ट" असं कुठंतरी असतंच, थेट त्या ओळीवर जायचं.

डेटा कुठं ठेवायचा, इथं घाई नको

आतापर्यंत अ‍ॅप बंद केलं की सगळे खाडे गायब. फोनमध्ये साठवायला एसक्यूलाइट नावाचा छोटा डेटाबेस वापरायचा, फ्लटरसाठी त्याचं एसक्यूफ्लाइट नावाचं पॅकेज आहे. पण त्याच्या आधी परत वही घ्या आणि टेबल काढा.

माझं पहिलं टेबल होतं: नाव, एकूण खाडे. दाबलं की एक वाढव. सोपं. महिनाअखेरीस एक पोरगा म्हणाला काकू माझे सात खाडे होते, तुम्ही पाचच धरले. काकूंनी अ‍ॅप उघडलं, त्यात ५. कोणत्या तारखेचे? माहीत नाही. वहीत तारखा होत्या, माझ्या भारी अ‍ॅपमध्ये नव्हत्या! काकूंनी मला काही म्हटलं नाही, वही काढली आणि दोन मिनिटात भांडण मिटवलं. मला फार लाज वाटली तेव्हा.

म्हणून टेबल असं करा, एक खाडा म्हणजे एक ओळ: कोणता पोरगा, कोणती तारीख, सकाळ का संध्याकाळ. एकूण आकडा कुठंच साठवायचा नाही, हवा तेव्हा ओळी मोजायच्या. तारीख ठेवताना वर्ष-महिना-दिवस या क्रमानं मजकूर म्हणून ठेवा, म्हणजे २०२५-०७-१४ असं, क्रमवारी आपोआप बरोबर लागते. डेटटाइम डॉट नाऊ जसंच्या तसं ठेवू नका, त्यात तास, मिनिट, सेकंद आणि त्याच्याही खालचं येतं, मग "आजचा खाडा आहे का" म्हणून बरोबर-चिन्हानं तपासलं की कधीच जुळत नाही. आयएसओ फॉरमॅटमध्ये बदलून पहिली दहा अक्षरं घ्या, काम झालं.

आणि या तीन गोष्टी मिळून युनिक ठेवा. काकूंचं बोट कधी दोनदा लागतं, पहिल्या आठवड्यात एकाच रात्रीचे दोन-दोन खाडे पडले होते, पोरं खूश होती, कोणी तक्रार करायला आलं नाही, हेही सांगून ठेवतो. युनिक लावलं आणि टाकताना कॉन्फ्लिक्ट इग्नोर केला की दुसरी ओळ पडतच नाही.

पुढचा खड्डा. काही दिवसांनी तुम्हाला टेबलमध्ये एखादा कॉलम वाढवावा लागेल. ऑनक्रिएटमध्ये नवीन कॉलम लिहाल आणि अ‍ॅप म्हणेल "नो सच कॉलम". कारण ऑनक्रिएट डेटाबेस पहिल्यांदा तयार होतो तेव्हाच चालतो, फोनमध्ये जुना डेटाबेस आधीच बसलेला आहे. आपल्या फोनवर आपण काय करतो, अ‍ॅप काढतो, परत टाकतो, चाललं. काकूंच्या फोनवर असं केलं तर महिन्याचे खाडे गेले. डेटाबेसचं व्हर्जन १ चं २ करायचं आणि ऑनअपग्रेडमध्ये कॉलम वाढवायची ओळ लिहायची, हाच बरोबर रस्ता. हे स्वतःच्या फोनवर मुद्दाम करून बघा, जुनं अ‍ॅप टाका, चार खाडे भरा, मग त्याच्यावरच नवीन टाका, चारही तिथंच दिसले पाहिजेत.

काकूंच्या हातात

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळे हाच टाळतात. अर्धवट अ‍ॅप असतानाच ते त्या माणसाच्या हातात द्या आणि तोंड बंद ठेवा. "इथं दाबा" म्हणायचं नाही. कठीण असतं हो.

काकूंचा हात कणकेचा. माझं बटण एवढंसं, नखाएवढं. तीनदा शेजारच्या पोराला खाडा पडला. बटण कमीत कमी ४८ डीपीचं (डीपी हे स्क्रीनवरच्या आकाराचं माप) ठेवायचं असं गुगलच्या मटेरियल डिझाइनमध्ये सांगितलंय ते मी वाचलं होतं, मनावर घेतलं नव्हतं. वर काकूंच्या फोनमध्ये अक्षरं मोठी करून ठेवलेली, फ्लटर ते सेटिंग मानतं, त्यामुळे माझी नावं दोन-दोन ओळींत जाऊन बटणाच्या खाली घुसली. घरी येऊन मी माझ्याही फोनची अक्षरं मोठी केली आणि महिनाभर तशीच ठेवली.

मग पैसे जमा करायचा रकाना. पोरगा ५०० देऊन गेला, काकूंनी आकडा टाकला, "जमा" दाबलं, काही नाही. "अरे बाबू, मी दाबून रायली तं काहीच होऊन नाही रायलं." मी दाबलं तर झालं! परत त्यांनी केलं, नाही. मी त्यांच्या बोटाकडे बघत होतो, बघायला पाहिजे होतं कीबोर्डकडे. त्यांचा कीबोर्ड मराठी, त्या देवनागरी पाच लिहीत होत्या, मी इंग्रजी पाच. डार्टच्या इंट पार्सला फक्त इंग्रजी आकडे कळतात, देवनागरी दिसला की फॉरमॅट एक्सेप्शन म्हणजे चूक फेकतो, आणि बटणाच्या आत एक्सेप्शन आला तर फ्लटर अ‍ॅप पडत नाही, चूक फक्त टर्मिनलला लिहून गप्प बसतं. काकूंच्या फोनला टर्मिनल कुठला!

उपाय सोपा निघाला. युनिकोडमध्ये इंग्रजी शून्याचा नंबर ४८ आणि देवनागरी शून्याचा २४०६, पुढचे आकडे दोन्हीकडे ओळीनंच आहेत, म्हणजे देवनागरी आकड्याच्या नंबरातून २३५८ वजा केले की इंग्रजी आकडा मिळतो. दहा ओळींचं एक फंक्शन लिहिलं, पार्स करायच्या आधी मजकूर त्याच्यातून काढायचा. आणि पार्सऐवजी ट्रायपार्स, तो न जमल्यास नल म्हणजे "काहीच नाही" देतो, मग "आकडा नीट टाका" असं स्क्रीनवर दाखवता येतं. मराठी माणसासाठी अ‍ॅप करणाऱ्यानं हे फंक्शन खिशात ठेवावं.

शब्दही बदलले. मी "अनुपस्थित" लिहिलं होतं, कशाला देव जाणे. "खाडा" लिहिलं. "शिल्लक" होतं तिथं "बाकी".

एपीके देताना केलेला घोळ

रोजचं काम संपलं की गिटमध्ये (कोडचे बदल जपणारं साधन) कमिट करा आणि गिटहबवर (कोड ठेवायची ऑनलाइन जागा) ढकला, चार कमांड शिका, पुरे आहेत. हे मी करत होतो म्हणून माझा जुना लॅपटॉप बसला तेव्हा कोड वाचला. नवीन लॅपटॉप घेतला, कोड उतरवला, काकूंनी सांगितलेली सुधारणा केली, एपीके म्हणजे अ‍ॅप इन्स्टॉल करायची फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. "अ‍ॅप नॉट इन्स्टॉल्ड". परत पाठवली. तेच.

झालं असं की प्रत्येक एपीकेवर एका किल्लीची सही असते आणि जुन्या अ‍ॅपवर नवीन बसवायचं तर सही तीच लागते. मी किल्ली बनवलीच नव्हती, फ्लटरचा नवा प्रोजेक्ट रिलीज बिल्डलाही डिबग किल्लीच लावतो, आणि ती किल्ली प्रत्येक कॉम्प्युटरवर वेगळी तयार होते. माझी जुनी किल्ली बसलेल्या लॅपटॉपबरोबर गेली. आता एकच मार्ग, जुनं अ‍ॅप काढा, नवीन टाका, म्हणजे खाडे साफ. तारीख होती २३. मी आणि काकूंची मुलगी बसून २३ दिवसांचे खाडे स्क्रीनवरून बघून कागदावर उतरवले आणि परत भरले, रात्री साडेअकरापर्यंत, काकूंनी मधे वरण-भात वाढला.

तर पहिली एपीके दुसऱ्याला द्यायच्या आधी तीन कामं. कीटूलनं स्वतःची किल्ली बनवा, मुदत १०,००० दिवस द्या, पासवर्ड वहीत लिहा, किल्लीची फाइल पेनड्राइव्हवर आणि स्वतःच्या ड्राइव्हवर ठेवा, पण गिटहबवर टाकू नका. दुसरं, अ‍ॅपचा आयडी "कॉम डॉट एक्झाम्पल"नं सुरू होत असेल तर बदला, नंतर बदलला तर फोन ते वेगळंच अ‍ॅप समजतो. तिसरं, महिन्याचा हिशोब व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर म्हणून पाठवायचं बटण द्या, शेअर प्लस पॅकेजनं अर्ध्या तासात होतं, तोच बॅकअप. आणि पुढे कधी अ‍ॅपमध्ये इंटरनेट आणलंत तर मुख्य मॅनिफेस्टमध्ये (परवानग्या लिहायची फाइल) इंटरनेटची परवानगी लिहा, डिबगमध्ये ती आपोआप असते, रिलीजमध्ये नसते, म्हणून घरी चालतं आणि दुसऱ्याकडे नाही.

प्ले स्टोअर

एका काकूंसाठी लागत नाही. एपीके पाठवली, अनोळखी अ‍ॅपला परवानगी दिली, झालं. टाकायचंच असेल तर खात्याचे २५ डॉलर एकदाच भरायचे, फाइल एपीके नाही तर अ‍ॅप बंडल लागते, आणि १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं वैयक्तिक खातं असेल तर आधी १२ जणांकडून सलग १४ दिवस क्लोज्ड टेस्ट (निवडक लोकांपुरती चाचणी) करून घ्यावी लागते. हे १२ जण आधी २० होते, डिसेंबर २०२४ मध्ये कमी केले. मेसची पोरं या कामाला उत्तम, फक्त एका खाड्याचं आमिष दाखवू नका, काकू परवानगी देत नाहीत, मी विचारून पाहिलं. अ‍ॅपलचे दरवर्षी ९९ डॉलर, तिकडे मी गेलेलो नाही.

आणि मग परत कोरी फाइल

हे सगळं व्हायला मला अडीच महिने लागले. त्यानंतर मी जे केलं तेच तुम्हाला करायला सांगीन, नवा फोल्डर, जुना कोड बंद, तेच अ‍ॅप पहिल्यापासून. अडलं तर जुनं उघडून बघायचं, बंद करायचं, मग लिहायचं. दुसऱ्यांदा चार रविवारात झालं, कोड निम्मा झाला आणि क्लासातली ती कोऱ्या फाइलची भीती गेली. तिसऱ्यांदा वही बदला. मी कळमना मार्केटमध्ये संत्र्याचा माल लावणाऱ्या एका ओळखीच्या माणसाचा हिशोब घेतला, पोरगा-तारीख-वेळ याच्या जागी शेतकरी-तारीख-क्रेट आलं, बाकी ऐंशी टक्के तेच. तिथं मात्र दर सकाळी एक आणि दुपारी दुसरा, त्यामुळे दर प्रत्येक ओळीत साठवावा लागला, ५० सारखा एकच ठेवून भागलं नाही.

काकूंचं अ‍ॅप अजून चालू आहे. परवा त्या म्हणाल्या की एकादशीला सात-आठ पोरं उपास करतात, ते जेवत नाहीत पण साबुदाण्याची उसळ खातात, मग तो खाडा धरायचा का अर्धा धरायचा, माझंच ठरून नाही रायलं, ठरलं की सांगते. मी डेटाबेसचं व्हर्जन ४ करून "प्रकार" नावाचा रिकामा कॉलम टाकून ठेवलाय.